लहान बेटावर सुट्टीला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेटावर जायचं ठरलं की बहुतेक जण आधी खोली बघतात, मग विमान, मग काय काय बघायचं त्याची यादी. बोटीचा विचार सगळ्यात शेवटी येतो. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हे उलट्या क्रमाने करायला सांगतो: आधी समुद्र आणि बोट, त्यांना धरून तारखा, आणि बाकीचं सगळं त्यानंतर. खालचे बरेचसे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात, त्यामुळे उत्तरंही एकमेकांत थोडी गुंतलेली आहेत.

लहान बेट म्हणजे नेमकं केवढं?

जे पायी किंवा सायकलवर एका दिवसात पालथं घालता येतं, जिथे बोट लागायला एखाद-दुसराच धक्का असतो आणि बोट चुकली तर बाहेर पडायला सहसा दुसरी वाट नसते, ते लहान बेट. इंग्लिश खाडीतलं सार्क जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचं आहे. ऑस्ट्रेलियाचं लॉर्ड हाउ सुमारे अकरा किलोमीटर लांब, पण अगदी चिंचोळं. सिसिली किंवा बालीसारख्या बेटांना इथलं फारसं काही लागू होत नाही. तिथे मोठे विमानतळ आहेत, मोठी रुग्णालयं आहेत, चुकलं तर सावरायला वाव आहे.

किती दिवस ठेवावेत?

मुक्कामाच्या निदान तीन रात्री. पहिला दिवस पोहोचण्यात जातो आणि शेवटच्या दिवशी सगळं लक्ष परतीच्या बोटीकडे असतं. दोनच रात्री ठेवल्या तर मधला एक दिवस उरतो. तो नेमका वाऱ्याचा निघाला तर संपूर्ण सुट्टी खिडकीतून समुद्र बघण्यात जाते.

पाच दिवसांत तीन बेटं करू नका. प्रत्येक बदलाला सामान बांधा, धक्क्यावर या, वाट बघा, चढा, उतरा, नवी खोली शोधा, यात अर्धा दिवस सहज जातो. एकच बेट घ्या आणि तिथे राहा.

कोणत्या महिन्यात जावं?

सगळे पाऊस बघतात. लहान बेटासाठी पावसाइतकंच, किंबहुना जास्त, वाऱ्याकडे बघायला हवं. ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ निरभ्र असतं, पावसाचा थेंब नसतो, पण उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा दिवसच्या दिवस वाहतो आणि बोटी बंदरातच थांबतात. पावसाचा तक्ता बघून गेलेल्या माणसाला हे धक्क्यावर पोहोचेपर्यंत कळत नाही.

वादळांचा हंगाम वेगळा तपासा. अटलांटिक आणि कॅरिबियनमध्ये तो अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्याचा कळस सप्टेंबरमध्ये असतो. काही बेटं त्या काळात सरळ बंदच असतात. थायलंडची सिमिलन बेटं साधारण मे महिन्याच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पर्यटकांना खुली नसतात.

पाण्याचा गारवा हीसुद्धा अशीच दुर्लक्षित गोष्ट. समुद्र जमिनीपेक्षा हळू तापतो आणि हळू निवतो. समशीतोष्ण भागात उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाळू पाय भाजेल इतकी तापलेली असते आणि पाण्यात पाऊल टाकलं तर कळ येते. उन्हाळा ओसरायला लागतो तेव्हा पाणी सगळ्यात उबदार असतं. पोहण्यासाठीच जाणार असाल तर उन्हाळ्याचा शेवट धरा. हंगामाच्या अगदी टोकाला मात्र खाणावळी मिटायला लागतात आणि बोटींच्या फेऱ्या कमी होतात, म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी खोलीच्या मालकालाच विचारा: त्या आठवड्यात जेवण कुठे मिळेल आणि बोट रोज आहे का?

बेटाच्या कोणत्या बाजूला राहावं?

नकाशा उघडा आणि त्या महिन्यात वारा कुठून येतो ते बघा. वाऱ्याच्या समोरच्या बाजूला लाटा मोठ्या, पाऊस जास्त, हिरवाई दाट. वाऱ्याच्या आडोशाला पाणी शांत आणि हवा कोरडी. हवाईच्या काउआई बेटावर हे ठळकपणे दिसतं: ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे डोंगरावर पाऊस ओततात आणि दक्षिणेचा किनारा त्याच दिवशी उन्हात असतो. बेट जितकं सपाट तितका हा फरक कमी, कारण वाऱ्याला अडवायला काही नसतं. सोबत लहान मुलं असतील तर मी डोळे झाकून आडोशाची बाजू निवडेन.

खोली आधी की बोटीचं तिकीट आधी?

बोटीचं वेळापत्रक सगळ्यात आधी, आणि तेही चालू हंगामाचं. जुनं वेळापत्रक इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरत राहतं आणि त्यावर आखलेले बेत फसतात. वेळापत्रक हातात आलं की खोली, मग बोटीचं तिकीट, आणि विमान सर्वांत शेवटी. विमान आधी काढलं तर त्याच्या वेळेत बोट बसवताना ओढाताण होते.

एकाच मार्गावर दोन प्रकारच्या बोटी असतील तर एक गोष्ट लक्षात ठेवा. जलद प्रवासी बोट वेळ वाचवते, पण खवळलेल्या समुद्रात आधी तीच रद्द होते. गाड्या नेणारी मोठी, संथ फेरीबोट बऱ्याचदा त्याच दिवशी चालते. परतीसाठी मी नेहमी संथ बोट घेतो.

बोट रद्द झाली तर काय करायचं?

हे होणारच असं धरून चाला. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना ते खरं वाटत नाही, म्हणून एक सकाळ जशीच्या तशी सांगतो. ऊन लखलखीत, आभाळात ढग नाही. धक्क्यालगतचं पाणी जवळपास स्थिर. काउंटरच्या खिडकीला आतून चिकटवलेला हाताने लिहिलेला कागद: आजच्या फेऱ्या बंद. रांगेतली माणसं चिडून विचारत होती, की एवढं छान ऊन पडलंय आणि बोट का नाही? तिथल्या एका म्हाताऱ्या खलाशाने बोलण्याऐवजी फक्त हाताने समुद्राकडे खूण केली. लाटा अडवणाऱ्या दगडी बांधाच्या पलीकडे समुद्रभर पांढरे फेसाचे तुरे उठत होते. आमचं विमान त्या दिवशी दुपारचं होतं. विमान गेलं, दोन रात्रींच्या खोलीचे जादा पैसे गेले, आणि मुलांची शाळा बुडाली ती वेगळीच. दोष कुणाचाच नव्हता, आमच्या आखणीचा होता.

कारण समजलं की राग येत नाही. वारा ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरवर गेला, म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीत सहाच्या आसपास, की लहान बोटींना ते जड जाऊ लागतं. बरेचदा बोट समुद्र पार करू शकते, पण धक्क्याला लागू शकत नाही. लाट तिला वर-खाली उचलते, ती दगडावर आपटते, आणि चढण्या-उतरण्याची फळी एका जागी राहत नाही. आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकल या खडकाळ बेटावर तर हंगामातसुद्धा बोट जवळ जाऊन माणसं उतरवता येत नाहीत असे दिवस कितीतरी असतात.

तेव्हा तीन नियम पाळा. बोटीच्या दिवशीच पुढचं विमान ठेवू नका, शेवटची रात्र बेटावर नाही, मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर काढा. परतीला दिवसातली पहिली बोट घ्या. सकाळी समुद्र सहसा शांत असतो, दुपारी वारा चढतो, आणि पहिली चुकली तरी मागे दुसरी असते. आणि निघायच्या दोन दिवस आधीपासून वाऱ्याचा अंदाज बघत राहा. वारा चढणार असं दिसलं तर एक दिवस आधी निघा. तो दिवस गमावल्यासारखा वाटेल, पण अडकून पडण्यापेक्षा ते परवडतं.

मला बोट लागते. बेटाचा विचारच सोडून देऊ का?

अजिबात नको. गाडी लागते तशीच बोट लागते: कान सांगतात की आपण हलतोय आणि समोरचा मोबाइल सांगतो की सगळं जागच्या जागी आहे. या दोघांचं पटत नाही. म्हणून मोबाइल खिशात ठेवा आणि नजर क्षितिजावर. बसायला बोटीचा मधला भाग, शक्यतो खालचा मजला, कारण टोकाला आणि वरती हिंदकळणं जास्त असतं. वर उघड्यावर वारा लागून बरं वाटत असेल तर तिथे बसा, पण मध्यभागीच. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको. गोळी घेणार असाल तर डॉक्टरांना विचारून, आणि बोट सुटायच्या अर्धा ते एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

भरती-ओहोटी बघायची काय गरज? आम्ही तर फिरायला जातोय.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त कळकळीने सोडवावासा वाटतो, कारण फोटोतला निळा किनारा आणि प्रत्यक्षातला चिखल यांत कित्येकदा फक्त सहा तासांचं अंतर असतं.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, त्यामुळे रोजची वेळ जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. सोमवारी सकाळी नऊला पोहायला छान पाणी होतं, म्हणून शुक्रवारी नऊला गेलात तर खडक दिसतील. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाणाची भरती येते आणि ओहोटीही तितकीच खोल जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही.

जागोजागी फरक प्रचंड आहे. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरती जाणवतही नाही. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर उधाणाला पाणी बारा मीटरपर्यंत चढ-उतार करतं, म्हणजे चार मजली घराएवढं. स्कॉटलंडच्या ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटावर विमानं समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरतात, त्यामुळे विमानाचं वेळापत्रकच ओहोटीवर ठरतं. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटाला जोडणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. सुरक्षित वेळांचे फलक लावलेले असूनही तिथे गाड्या अडकतात आणि माणसांना सोडवून आणावं लागतं.

करायचं एवढंच: त्या बेटाचंच भरतीचं कोष्टक शोधा, शेजारच्या शहराचं नको. मुक्कामाच्या प्रत्येक दिवसाच्या चार वेळा एका कागदावर लिहून खोलीच्या दाराला लावा. प्रवाळाच्या किनाऱ्यावर पोहणं भरतीच्या आसपास, खडकांतली डबकी बघणं ओहोटीला. आणि वाळूच्या दांड्यावरून पलीकडच्या बेटावर चालत जाणार असाल तर पाणी अजून उतरत असतानाच जा आणि ते पूर्ण उतरायच्या सुमाराला परत फिरा. पाणी चढायला लागलं की आधी मधला सखल भाग भरतो, आणि ते आपल्या पाठीमागे घडत असल्यामुळे लक्षात येत नाही.

पोहणं सुरक्षित आहे का?

लहान बेटांवरच्या बहुतेक किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो, हे आधी मनाशी पक्कं करा. सर्वांत मोठा धोका आत ओढणाऱ्या प्रवाहाचा. तो फसवा असतो: दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मध्ये एक पट्टा शांत, गडद दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत जात असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम तिथेच संपतो. तरंगत राहा, हात वर करून मदत मागा, आणि जमत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडा, मग किनाऱ्याकडे या.

पायात पाण्यात घालायचे बूट हवेतच. प्रवाळाची जखम लवकर भरत नाही, आणि आपल्या पायाखाली मोडलेलं प्रवाळही लवकर भरून येत नाही.

स्कूबा डायव्हिंग करायचं आहे. कोणत्या दिवशी ठेवू?

सुरुवातीच्या दिवसांत. खोल पाण्यात दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच विमानात बसलात तर हवेचा दाब कमी झाल्यामुळे त्याचे बुडबुडे होतात आणि ते जिवावर बेतू शकतं. एकच साधी डुबकी असेल तर विमानाआधी निदान १२ तास, अनेक डुबक्या किंवा सलग काही दिवस केलं असेल तर निदान १८ तास थांबावं, असा प्रचलित संकेत आहे. मी पूर्ण दिवस सोडतो. नळी लावून पृष्ठभागावर पोहण्याला, म्हणजे स्नॉर्कलिंगला, हे बंधन नाही, ते शेवटच्या सकाळपर्यंत करा.

परवाना वगैरे लागतो का?

बऱ्याच ठिकाणी लागतो, आणि तो बोटीच्या तिकिटाआधी बघायचा असतो. लक्षद्वीपला आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. लॉर्ड हाउवर एका वेळी फक्त ४०० पर्यटकांना राहता येतं. ब्राझीलच्या फर्नांदो दि नोरोन्या बेटावर पर्यावरण कर आहे आणि जितके दिवस राहाल तितका तो वाढत जातो. इक्वेडोरच्या गॅलापागोस बेटांवर सामान तपासतात, फळं आणि बिया नेऊ देत नाहीत.

ही बंधनं उगाच आलेली नाहीत. फिलिपिन्सने बोराकाय बेट २०१८ मध्ये एप्रिलच्या अखेरीपासून सहा महिने पूर्ण बंद ठेवलं, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. थायलंडची माया बे ही खाडी २०१८ च्या जूनमध्ये बंद झाली ती जानेवारी २०२२ मध्येच उघडली, आणि आता बोटींना खाडीच्या आत येऊ देत नाहीत. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशात १ जानेवारी २०२० पासून प्रवाळाला घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घातलात तर सनस्क्रीन कमी लागतं आणि ऊनही नीट अडतं.

हॉटेलवाले पाणी जपून वापरा म्हणतात. सभोवती एवढा समुद्र असताना?

समुद्र आहे म्हणूनच. सपाट, सच्छिद्र जमिनीच्या बेटाखाली पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, मध्ये जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा थोडंसंच हलकं असल्यामुळे हिशेब असा पडतो: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. विहिरीतून जास्त उपसा झाला आणि वरची पातळी थोडी जरी खाली आली, तरी खालून खारं पाणी त्याच्या कितीतरी पट वर सरकतं. एकदा खारावलेली विहीर वर्षानुवर्षं सुधारत नाही. आपण दहा मिनिटांचा शॉवर घेऊन निघून जातो, ती विहीर तिथल्या घरांना लागते.

सोबत काय न्यायला विसरू नये?

रोख पैसे, कारण बेटावरचं एकुलतं एक एटीएम रिकामं असू शकतं. रोजची औषधं मुक्कामापेक्षा चार दिवस जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत. टॉर्च. तिकिटांच्या छापील प्रती, कारण नेटवर्क जाईल. सामान एका हाताने उचलता येईल एवढंच. हलत्या फळीवरून उतरताना दुसरा हात कठड्याला हवा असतो. सार्कवर मोटारगाड्या नाहीत, ग्रीसच्या हायड्रावर ओझी गाढवांवरून जातात. अशा ठिकाणी चाकांची मोठी बॅग दगडी पायऱ्यांवर ओढताना माणसं रडकुंडीला येतात.

प्रवास विमा काढाल तर त्यात बेटावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, तेवढी ओळ नक्की वाचा.

सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलं तर नाही का चालणार?

चालेल, पण मग बेट दिसतं ते गर्दीतलं. दहाच्या बोटीने सगळे एकदम उतरतात, एकाच रस्त्याने एकाच किनाऱ्यावर जातात आणि चारला एकदम परततात. शेवटची बोट गेल्यानंतरचा तास मला सगळ्यात प्रिय आहे. धक्क्यावर जाळी आवरणारी दोन-चार माणसं असतात, कुत्री रस्त्याच्या मधोमध येऊन झोपतात, आणि इतका वेळ ऐकू न आलेला पाण्याचा आवाज यायला लागतो. त्या एका तासासाठी रात्र काढावी.

चार दिवस तिथे करायचं काय? कंटाळा नाही येणार?

तारखा चंद्र बघून ठरवल्यात तर नाही येणार. अमावास्येच्या आसपासचे चार दिवस धरा. रात्री आभाळ पूर्ण काळं असतं. सार्कला २०११ मध्ये अंधाऱ्या आभाळाचं बेट म्हणून जगात पहिल्यांदा मान्यता मिळाली ती रस्त्यावर दिवे नाहीत म्हणून, आणि आकाशगंगेचा पट्टा तिथे नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पोर्तो रिकोजवळच्या व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बे या खाडीत सूक्ष्म जीवांमुळे पाणी निळसर चमकतं, तेही अमावास्येला सगळ्यात छान.

आणि त्याच दिवसांत उधाण असल्यामुळे ओहोटी सर्वांत खोल जाते. एरवी कायम पाण्याखाली असलेले खडक तासाभरासाठी उघडे पडतात. एका डबक्याच्या काठाला उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात खेकडा असतो. खडकाला चिकटलेला लालसर गोळा हळूहळू उमलतो आणि त्याचं समुद्रफूल होतं. वाळूचा एक कण डोळे मिचकावतो आणि तो मासा निघतो. काही उचलू नका, उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, आणि घड्याळात ओहोटीची वेळ उलटून गेली की उठा, कारण उधाणाचं पाणी परतही वेगाने येतं.